एका हाताचं वाचन

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
कुताइसीच्या रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर,
चार तास आमचं रक्त बाहेर फिरायला जातं
आणि आम्ही त्याची वाट बघत पडून असतो.
डाव्या हातात दोन सुया; तो हलवायचा नाही.
वाचायला उरतो उजवा.

सिस्टर मकवाला यंत्र जोडताना प्रत्येकाला विचारते,
वजन किती, पाणी किती प्यालात,
आणि सध्या काय वाचताय?
तिन्ही प्रश्नांना आम्ही थोडं थोडं खोटं सांगतो.

त्सियालाचं ठरलेलं: आईची पाककृतींची वही.
अक्रोडाची चटणी, आंबट आलुबुखार, बीटाची पानं,
जे जे आम्हाला वर्ज्य
ते ती मोठ्यानं वाचते, चवीपुरत्या मिठासकट.
"हेच माझं आवडतं पुस्तक. याचे डागसुद्धा चविष्ट."

गोचाचं आवडतं पुस्तक कुठलं, ते त्यालाच माहीत नाही.
फौजेत सापडलं होतं, पुठ्ठा नसलेलं,
सुरुवात गळालेली, शेवटची पानं
कुणीतरी तंबाखू वळून ओढलेली.
त्यात एक नावाडी होता
आणि नदीपलीकडे न्यायची एक घंटा.
एवढ्या भांडवलावर तो चाळीस वर्षं शोधतोय.
कुणी काहीही आणलं की मधलंच पान उघडतो,
"हे नव्हे," म्हणून परत देतो.

ओतार भूगोल शिकवायचा.
त्यानं आणली विटेएवढी जाड कादंबरी.
एका हातात पेलेना,
तर पुढच्या वेळी घरूनच फाडून आणली.
पाच तुकडे.

मी एकतीस वर्षं पुस्तकं बांधली,
रिओनीकाठी, दाभण आणि खळ यांच्या वासात.
ते उसवलेले दोरे बघून म्हणाले, "कसाई आहेस."
"नाझीब्रोला, पुस्तकाला दुखत नाही.
माझं मनगट दुखतं."
आणि वाचून झालेला पहिला तुकडा
माझ्या पोटावर ठेवला.

दोन खेपा मी बोलले नाही.
तिसऱ्या खेपेला दुसरा तुकडा मागितला.

मग तसंच चालू झालं. ओतार पुढे,
त्याच्यामागे मी, माझ्यामागे त्सियाला.
पुढच्यानं मागच्याला काही सांगायचं नाही.
ओतार हसला की आम्ही अंदाज बांधायचो.

गोचा रांगेत नव्हता.
एका शुक्रवारी त्यानं माझ्याकडचा तिसरा तुकडा सहज ओढला,
मधलंच पान उघडलं,
आणि त्याचं यंत्र ओरडायला लागलं.
हात हलवला होता त्यानं. तो, सुयांचा.
मकवाला धावत आली, कावलेली.
आणि गोचाचं आपलं एकच,
"घंटा. घंटा आहे यात."

मंगळवारी रात्री रुग्णवाहिका आली
तेव्हा पाचवा तुकडा ओतारच्या कोटात होता.
बुधवारी त्याच्या खाटेवर धुतलेली चादर.
त्याची मुलगी चपला न्यायला आली.
कोटाचं विचारायला
आमच्यातल्या कुणालाच तोंड सापडलं नाही.

गोचानं चौथा तुकडा संपवला.
एवढंच म्हणाला, "दुसऱ्यांदा."

मी चारही तुकडे घरी नेले.
हाताला गाठी आल्यात, पण दोरा अजून ओवता येतो.
शिवले, खळ लावली, निळा पुठ्ठा चढवला,
आणि शेवटी, जेवढं गेलं तेवढेच,
मोजून सात फर्मे, कोरे.
गोचा पेन्सिल घेऊन त्यातल्या पहिल्या पानाकडे बघत बसतो.
अजून काही लिहिलेलं नाही.

आज ओतारच्या खाटेवर एक पोरगा आहे. सबा.
एकोणीस वर्षांचा, भिंतीकडे तोंड.
मकवालानं विचारलं तर म्हणाला, "काहीच वाचत नाही."
खरं असावं. नवीन माणूस,
खोटं बोलायला अजून शिकायचाय.

मी पुस्तक त्याच्याकडे सरकवलं.
त्यानं उजव्या हातानं उचलून बघितलं,
मनगट थरथरलं.
"जड आहे."

त्सियाला चटणी वाचायची थांबली.

"मग फाड," मी म्हटलं.
"मी बसलेय ना शिवायला."