गेलेले आठवडे

ख्रिस्टियानाच्या पोस्टात माझी खिडकी दुसरी.
पत्रांची तिकिटं पहिलीकडे.
माझ्याकडे विम्याची, आठवड्याला एक,
घरकाम करणाऱ्या बायकांच्या कार्डावर चिकटवायची.
चिनी मातीच्या वाटीत ओला स्पंज असतो,
तरी बायका जिभेनंच ओलं करतात.
सवय.

डेलरोझ गुरुवारी आली,
हातात कार्ड, घडीवर घडी पडून फडक्यासारखं मऊ.
काउंटरवर ठेवलं आणि पोटाला जागा करून
जरा तिरकी उभी राहिली.
तिला दिवस गेलेत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.
आठवडेही गेलेत, हे त्या सकाळीच
दवाखान्यातल्या नर्सनं तिला सांगितलं.

"सव्वीस लागतात," मी म्हटलं.
"मागच्या बावन्नांत सव्वीस. तर बाळंतपणाचे पैसे."
मोजून देणं माझं काम नाही. मी मोजले.
एकोणीस.
पेन्सिलीनं पुन्हा मोजले, खालून वर,
जणू उलटं मोजलं की सरकारचा आकडा चुकेल.
एकोणीस.

फेब्रुवारी, मार्च, सगळे रकाने कोरे.
खाडे म्हणतात त्यांना.
पण खाडा तिनं एकही केला नव्हता.
त्याच आठवड्यांत तिनं मिसेस प्यूझींच्या
अकरा खिडक्या पुसल्या,
गुडघ्यांवर बसून, नारळाच्या सोडणानं
लाल फरशीत स्वतःचं तोंड दिसेतो घासलं,
आणि दर शुक्रवारी पगारातून तिचा वाटा कापला गेला.
"तिकिटं मी आणते," बाई म्हणायच्या.
आणायच्याही. माझ्याच खिडकीतून.
मला आठवतंय: चर्चची टोपी, सुटे पैसे, पावती मागून घेणं.

मग गेली कुठं?

सोमवारी ती टेकडीवरच्या घरी गेली.
बाई आता तिला मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारतात.
टोरांटोहून आलेली मुलगी खोकी बांधत होती,
म्हणाली, बघ बाई, हवं ते उघडून बघ.
आल्याच्या बिस्किटांचा डबा.
आत बटणं, घड्याळाचा तुटका पट्टा,
आणि तळाशी तिकिटं, आठ,
दमट हवेनं एकमेकांना धरून बसलेली,
एकच जाड वडी.
डेलरोझनं ती ओढून पाहिली नाही.
डब्यासकट घेऊन आली.

किटलीबद्दल नियमपुस्तकात काही नाही.
मी जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं पाडलं.
ती वाफेवर धरायची, मी केसातल्या पिनेनं सोडवायची.
दोघीही बोललो नाही.
माझी आई याच गावात लोकांचे कपडे धुवायची, चोवीस वर्षं.
तिला कार्ड नव्हतं.
तू बोचक्यावरच जन्मलीस, असं हसत सांगायची.
ते मला त्या वाफेत का आठवावं?

पाच सुटली अख्खी.
तीन फाटली; शेवटचं तर माझ्याच हातून.
"चालेल का अर्धं?" तिनं विचारलं, आणि स्वतःच मान हलवली.

एकोणीस आणि पाच.
मी तिकीट विकू शकते.
आठवडा नाही विकू शकत.

तिनं बोटांवर काहीतरी मांडलं.
"दोन ना? मिस लिनेटकडे चादरी आहेत धुवायला.
दोन आठवडे अजून वाकता येईल."
मग खाली बघून, मला नव्हे:
"ऐकलंस ना? दोन."

पाचही तिनं जिभेनंच ओली केली.
मी शिक्के मारले, जरा हळूच.
"सुकेपर्यंत मिटू नकोस," म्हटलं.
तशी ती बाकावर बसली, पंख्याखाली.
मांडीवर जागा उरली नव्हती,
म्हणून कार्ड उघडं, पोटावर ठेवून.

मी पुढच्या बाईचे पैसे मोजत होते.
मधूनच ते कार्ड हलायचं.
पंख्यानं नसावं.