बाविसावं मिनिट

ग्लेनकार्नच्या सभागृहात दर नोव्हेंबरला
मी तोच सिनेमा लावतो.
तलवारी, विजा, न मरणारी माणसं.
रीळ दोनदा जळलंय, आवाज ओठांच्या मागे पडतो,
तरी खुर्च्या कमी पडतात.
पोरं संवाद आधीच म्हणून टाकतात.

इशबेल नायकाकडे बघतच नाही.
ती बाविसाव्या मिनिटासाठी येते:
धुक्यात, अगदी डावीकडे, तांबड्या केसांचा एक पोरगा
भाला लागून चिखलात पडतो.
टॉर्क्विल. एकोणीस वर्षांचा.
दिवसाचे पंधरा पौंड आणि गरम सूप.
तीनदा मेला होता त्या दुपारी.
"तिसऱ्यांदा झकास मेलो," सांगायचा.

खरा गेला तो मार्चमध्ये, इन्व्हरनेसच्या इस्पितळात.
झकास वगैरे काही नाही.

अमरपट्टा घेऊन कोणी येत नाही,
हे तिला कळतं. मलाही.
पण पडल्यावर तो एक डोळा किंचित उघडतो,
कापायची राहून गेलेली चूक,
आणि खोटं कशाला बोलू,
तिथे मी रीळ जरा हळू सोडतो.

मग ती उठते, कोट चढवते.
शेवटी कोण उरतं
ते तिने अजून पाहिलेलं नाही.