उगवण

जालन्यात बियाणं म्हटलं की आधी
पिशवीवरचं चित्र बघतात.
भेंडी, वांगं, कापसाचं फुटलेलं बोंड:
सदतीस वर्षं ती अप्पांनी काढली.
आणि कंपन्यांना नको झालेली
पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत गेली.
मोजली तर एकशे बारा नापास लेबलं.

पोर्तुगालातल्या एका बाईला त्यातला लाल मुळा हवा होता.
(‘फार लाल, गिऱ्हाईक मिरची समजेल’
असा शेरा मारून परत आलेला.)
कागद नको म्हणाली,
साखळीवर चढवून द्या.

“कसली साखळी?”
म्हटलं, अप्पा, एक खातेवही,
नकला हजारोंकडे, खाडाखोड कुणालाच करता येत नाही.
“म्हणजे सातबारा. तलाठ्याविना.”
तेवढं पटलं त्यांना.

राहिलं पाकीट.
तीन रात्री मी पाकिटंच बघत होते.
एक फोनमधलं, फुकट,
शर्टाच्या वरच्या खिशासारखं, वाकलं की पडेल असं.
एक बाजारवाल्या कंपनीकडचं,
पासवर्ड विसरलात तर तेच आठवून देणार.
“म्हणजे किल्ली शेटजीकडं.
अन् शेटजीनंच दुकान उठवलं तर?”
एकात पैसे दिसायचे, चित्र दिसायचं नाही,
नमुन्याच्या जागी नुसता राखाडी चौकोन.
ते अप्पांनी बघताक्षणी बाद केलं.
एक पेनड्राइव्हएवढं, इंटरनेटला न शिवणारं,
साडेसात हजारांचं.
मोंढ्यातला फैजान म्हणाला, थोडं वापरलेलं आहे,
निम्म्यात देतो.
“फोडून शिवलेली पिशवी
फुकट दिली तरी घेऊ नये, पोरी.”

शेवटी फोनमधलंच. सध्यापुरतं.
पेटीतली बाकीची चढवायची झाली
तर नवं, सीलबंद, थेट कंपनीकडून.

उघडलं तसे बारा शब्द आले.
इंग्रजी, साधे,
पंगतीत शेजारी बसलेल्या परक्या माणसांसारखे
एकमेकांशी काही न बोलणारे.
त्यातला एक भाजीचा होता. कुठल्या, ते सांगणार नाही.
वर लिहिलेलं: सीड फ्रेज.
“सीड?”
अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला.
त्या एका इंग्रजी शब्दाभोवती
जन्मभर वेली काढलेला माणूस.

फोटो काढायचा नाही, कुणाला सांगायचं नाही,
म्हणून त्यांनी बारीक ब्रश घेतला
आणि एका लेबलच्या पाठीवर बाराही उतरवले.

मैत्रिणीनं थोडी नाणी पाठवली, चहाच्या पैशांएवढी.
त्यात मुळा चढला.
मी बाईला कळवणार, तर अप्पा म्हणाले,
“आता पुसून टाक.”
काय?
“पाकीट. फोनमधून काढ.
चाचणीशिवाय माल बाहेर जात नसतो.
शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळतात,
किती उगवले ते मोजतात.
तुझे तर बाराच आहेत.”

अंगठा बराच वेळ काचेवर नुसता राहिला.
मग काढलं.

ते एकेक अक्षर वाचत होते, मी टाइप करत होते.
सातव्याला फोन म्हणाला, असा शब्दच नाही.
पुन्हा. नाही.
स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, कुणी उठलं नाही.
मी लेबल दिव्याखाली धरलं:
अप्पांच्या वळणात एका अक्षराला
सवयीनं पान फुटलं होतं.
पान वगळून वाचलं.

मुळा आला.
पाल्यासकट.

“बारापैकी बारा.”
त्यांनी शब्दांखाली चाचणीची तारीख टाकली,
त्याखाली ‘मुदत’ लिहिलं,
आणि ब्रश तसाच धरून
माझ्याकडं बघत राहिले:
“काय लिहू?”