निया

दारव्ह्याच्या बाजारात, कडुनिंबाच्या बुडाशी
चाळीस वर्सं झाली माह्या टोपलीले.
बायाइची ओयख मले तोंडावरून कधीच नव्हती,
हातावरून होती.
रेणुका ठवरेच्या अंगठ्याचा सांधा मोठा,
सव्वादोनची बांगडी तिथं अडते,
साबण लावा लागते.
मनकर्णेचं मनगट म्हणजे तुरीची काडी.
म्हणून डोये गेले
थे मलेच उशिरा कयलं.

पहिलं गेलं थे सांजेचं.
समोरून मोटरसायकल आली
का एका दिव्याचे धा व्हायचे,
फुटल्या काचेवानी.
मंग सुईचं भोक गेलं.
मंग बसची पाटी. दिग्रसची समजून
नेरच्या गाडीत बसली एकदा,
कंडक्टरनं नाक्यावर उतरवलं,
पैसे नाई घेतले.

चष्मा बदलला, दोनदा.
शेजारणीनं मध टाकाले सांगतला,
कोणी शेयीचं दूध.
जावई म्हणे, मोतीबिंदू हाय, पिकू द्या.
पिकू द्या!
सीताफय हाय का थे, कोंड्यात दाबून ठेवाले?

आशाताई प्रणिता आंगणात आली,
बॅटरी मारली,
"आजी, बाहुलीत दूध सांडलं वं तुमच्या."

यवतमायच्या दवाखान्यात
डॉक्टरीणबाईनं कागदावर डोया काढला.
म्हणे, वरून पडदा येत नाई,
आतलं भिंगच गढूय होते.
वयानं होते. साखरेनं लवकर होते,
उन्हानं, तंबाखूनं, कोणाचं मार लागून.
थेंबानं उतरत नाई,
अन् वाट पाह्यली त दगडावानी कडक होऊन बसते.
मले लगेच समजलं.
काचेचा धंदा हाय माहा.
चुलीच्या खोलीत पेटी राह्यली
का बांगडी अशीच धुरकटते,
पण थे पदरानं पुसून निघते.

"नवं भिंग बसवू."
काचेचं?
"नाई आजी, प्लास्टिकसारखं असते."
जलमभर मी प्लास्टिकच्या बांगडीले नावं ठेवली!
टेबलावर पडल्या-पडल्या हसू आलं,
बाई ओरडली, हलू नका.

मंग डोक्यावरून पाणी नाई,
चुलीपाशी जाणं नाई, डोया चोयणं नाई.
नातू घड्याय पाहून थेंब टाके
अन् मी मोजून गप्प बसे.

महिन्यानं टोपली काढली.
रेणुका आली.
पहिल्यांदा तोंड पाह्यलं तिचं —
ही? इतकी म्हातारी?
मंग हात पाह्यले.
हिरव्या लुगड्यावर
निया बांगड्या.
मीच भरल्या होत्या, संक्रांतीले.
"हिरव्याच दे," म्हणली होती थे,
मले आठवते.

मंग पाहातच गेली.
मनकर्णेच्या एका हातात जांभया, दुसऱ्यात काया.
पोस्टवाल्याच्या सुनेच्या चुड्यात
मधातच एक राखाडी.
पेटीतल्या लाखेच्याही डब्या साऱ्या उलट्यापालट्या.
अर्धा बाजार माह्या डोयाचं वाटप
हातात घालून हिंडत होता,
दोन वर्सं.
एकीनं परत केल्या नाई,
एक बोलली नाई.

"काहून वं?" रेणुकेले इचारलं.
थे म्हणे, "तुह्या हातानं भरल्या का दुखत नाई.
रंगाचं काय, भाकर करताना कोण पाहाते?"
बदलून देतो म्हटलं
त तिनं हात पदराखाली घेतला.

दुसऱ्या डोयाची तारीख पोयानंतर हाय.
तवर एक झाकला का जुना बाजार दिसते,
चहाच्या पाण्यात बुडवल्यावानी.
उघडला का निया, लखलखीत,
माशीचे पाय दिसतेत,
माह्या हातावरच्या सुरकुत्या दिसतेत,
थ्या कधी आल्या कोणास ठाऊक.

आता बांगडी भरता-भरता
माहं इचारणं चालू असते.
साखर तपासली का वं?
उन्हात निंदाले जाता त टोपी का नाई घालत?
सांजेले दिवा कसा दिसते?
रेणुका म्हणे, "एकच दिसते, आपल्यासारखा."
पोस्टवाल्याची सून हसली नुसती.
मनकर्णा मात्र गप्प झाली.
पाचवी बांगडी मनगटावर आली होती,
बसली.
मी हात सोडला नाई तिचा.