ओळ दोनशे चौदा

मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं:
ही कमांड होस्टवर, म्हणजे यजमानावर, चालवा.
मी चालवली.
रात्रीचे सव्वाअकरा, अंबड, तिसऱ्या पाळीचा भोंगा नुकताच होऊन गेलेला,
आणि यजमान मुकाट्याने शून्यं गिळू लागला.
शून्य, शून्य, शून्य,
ताटात जागा आहे तोवर वाढतच राहणारा
एखादा आग्रही वाढपी असावा तशी.
पावणेबाराला पडदा थिजला.

चूक एका शब्दाची.
शून्यं भरायची होती पाहुण्याच्या पोटात,
त्या आतल्या आभासी यंत्रात,
ज्याला वाटतं आपल्याला डिस्क आहे, घड्याळ आहे,
आणि पत्ता नसतो की आपण
कुणाच्या तरी घरातली एक फाइल आहोत.
त्याने आपली रिकामी जागा पुसून घ्यायची,
मग यजमानाने त्याची घडी घालून लहान करायचं.
कुणीतरी घाईत उलटं लिहिलं
आणि चार वर्षं ते तसंच वाचलं गेलं.

बाबा हसले.
पंचवटीत आमच्याकडे दारात येईल तो यजमान.
खांडव्याहून येवो, बिदरहून येवो,
पिशवी खाली ठेवायच्या आत यजमान.
आणि ज्यांचं घर ते आम्ही उपाध्ये,
पाट सरकवून कडेला बसणारे.
"त्या लिहिणाऱ्याचं चुकलं कुठे?" म्हणाले,
"नाशकात येऊन गेला असेल."

मग लाल बासनातून वही काढली,
कसर लागू नये म्हणून पानापानांत कडुनिंबाचा पाला,
आणि बोट ठेवलं:
बऱ्हाणपूरचे नेवगी, मुलाचं नाव विठ्ठल.
त्यावर एक आडवी रेघ,
इतकी बारीक की खालचं वाचता यावं.
वर 'हरिहर'. कडेला तिथी, आजोबांची सही.
"खरवडायचं नाही," बाबा म्हणाले.
"विठ्ठलच्या नावाने कुणी पिंड देऊन गेलं असेल,
तर ते उद्या विचारायला येतील."

रविवारी दुरुस्ती लिहिली.
वजा चिन्हाची एक तांबडी ओळ,
अधिक चिन्हाची एक हिरवी.
खाली कारण द्यायचं असतं. तिथे दीड तास गेला.
'माझी डिस्क भरली' लिहिलं, खोडलं.
'वाचणाऱ्यांचं नुकसान होतं' हे फारच सोज्वळ.
शेवटी: 'पाहुण्यातच चालवावी. यजमानावर चालवल्यास जागा संपते.'
आणि पूर्ण नाव, सुनीती श्रीनिवास गर्गे, कारण सहीशिवाय ते घेत नाहीत.
"गोत्र?" बाबांनी विचारलं.
ईमेल चालतो, म्हटलं.

पाचव्या दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं,
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेलं,
बाबा स्टुलावर चढून वह्या माळ्यावर टाकत होते
आणि मी खालून देत होते,
तेव्हा फोन वाजला. तार्तूचा तानेल,
ज्याच्या होकाराशिवाय एक स्वल्पविराम हलत नाही:
बरोबर आहे. घेतलं.
हीच ओळ जुन्या तीन आवृत्त्यांतही आहे. तिथेही कराल?

"किती राहिल्या?" बाबांनी वरून विचारलं.
तीन, म्हटलं.