ब्रश आडवे ठेवायचे

संकेश्वरचं लग्न आटपून वडगावात पोचले
तेव्हा साडेदहा वाजून गेलेले.
केसांत कुणाच्या तरी अक्षता,
खांद्यावर पेटी,
पेटीत बावीस ब्रश, एकूण एक मळलेले.

बाबा जागेच.
"आण इकडं. उद्यावर टाकलीस की कडक होतंय."

मी पातेलं गॅसवर ठेवते तर म्हणतात,
"कढत नको गे. पत्र्याच्या कॉलरीत डिंक असतोय,
तो सुटला की केस गळालेच म्हणून समज."

हे शिक्षण रॉकेलच्या डब्याशेजारी झालेलं.
भरमा आर्ट्स, कोपऱ्यात बारीक सही,
कापड दुकान, सायकल मार्ट, दातांचा दवाखाना.
एक पाटी तर त्यांनी तीनदा रंगवली,
आधी एका लिपीत, मग दुसऱ्या,
मग दोन्ही,
वरची ओळ कुणाची यावर दुकानापुढं गर्दी.
"मजुरी तिन्ही वेळा मिळाली," एवढंच सांगतात
आणि हसतात.
मग फ्लेक्स आलं. मग हात थरथरायला लागला.

आता संध्याकाळचं काम त्यांचं हे.
ताटलीत लहान बाळाचा शाम्पू, दोन थेंब,
तळहातावर ओला ब्रश गोल गोल,
एकाच दिशेनं, दाबायचं नाही.
कुंचल्याला कधी मारायचं नसतं, म्हणतात.
बोटांच्या फटींतून वाहतो
गव्हाळ, तांबूस, मग ओठांचा लाल,
मग कसलाच नाही असा करडा.

"ही रडली."
मी बघते. डोळ्याखालचा छोटा ब्रश,
टोकाला पावडरीची गुठळी.
रडली. मामा आला नव्हता तिचा,
मंडपात शिरता शिरता तिला कळलं.
मी काय सांगितलं नव्हतं.

मग मोठा, चपटा.
तो त्यांनी दिव्याखाली धरला,
केस फाकवून मुळाशी बघितलं.
"हा तिचा रंग नव्हे."

नव्हता.
सकाळी आईनं सांगितलेलं, स्वल्प बेळ्ळग माड्री,
तासाभरानं सासू आत येऊन,
थोडी उजळ करा की ओ.
दोन घरं, दोन भाषा,
मागणं सुतभरही इकडं तिकडं नाही.
मी दोन शेड वर गेले.
गळ्यापर्यंत नेला, हातांना लावला,
कानामागं राहून गेलं असेल.
सहना नाव तिचं. आरशात बघून म्हणाली,
छान झालंय, खरं मी कुठं आहे?
सगळ्या हसल्या. मीपण.

बाबा ब्रश धूत राहिले.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"उन्हानं पापुद्रा गेला ना,
की खालचं अक्षर वर येतंय.
मालक मग भांडायला यायचे,
मी काय करू त्याला?"

पाणी तिसऱ्यांदा बदललं.
नळ परवा येणार, तरी बदललं.
टॉवेलात घेऊन हलकं पिळलं,
चिमटीनं आकार दिला,
फुगीर त्याला फुगीर, टोकदार त्याला टोक.
"उभं ठेवू नको. पाणी दांड्यात उतरतंय.
आडवं, टेबलाच्या कडेला,
केस बाहेर, हवेत."
हे ते दर वेळी सांगतात. मी दर वेळी ऐकते.

शेवटी लायनरचा, सगळ्यांत बारीक.
टोक जुळलं का बघायला
त्यांनी शहाबादी फरशीवर ओल्या ब्रशानं
काहीतरी काढलं.
उभी रेघ सरळ आली. वळणाला हात थरथरला.
मी वाकले,
आपलं की त्यांचं, कुठलं अक्षर ते दिसायच्या आत
फरशीनं पिऊन टाकलं.
विचारलं नाही.

बावीस ब्रश टेबलाच्या कडेला,
पंखा एकवर.
पहाटे चारला निपाणीची गाडी.
तोवर जाड ब्रश काय वाळत नाहीत,
जुना संच न्यावा लागेल.

मुलीचा फोटो पाठवलाय त्यांनी,
फिल्टर लावलेला.
रंग तिचा गेल्यावर कळेल.