गोल्डन वीक, मुलुंड पूर्व

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिकडे सुट्टी असते.
माझ्या क्लासच्या दारात तेव्हा
चपला जोडीजोडीने, जिन्याकडे तोंड करून लागतात,
आणि जिना चढतानाच मला कळतं
जुनी बॅच आली.

खाली इस्त्रीचं दुकान, त्याची ऊब लादीतून तळव्यांना लागते.
पंखा पाचवर. स्टीलच्या ताटात पायरीच्या फोडी.
आणि भांडण सुरू.

सुलक्षणा म्हणते, तोक्योच.
चार वर्षांत कुणी विचारलं नाही
लग्न कधी, एवढ्या रात्री कुठून, डब्यात काय.
"मॅडम, मी तिथे कुणालाच दिसत नाही. केवढं सुख!"
ग्लेन लोपीस म्हणतो, अगं, त्यालाच तर मी पळालो.
दीड वर्ष शेजारी खोकताना ऐकला,
तोंड नाही पाहिलं.
ओसाकात भाजीवाला कोबी देता देता विनोद करतो,
मला अर्धा कळतो, हसतो मात्र पूर्ण.
थेट आपला वसईचा बाजार.
"म्हणून तर नको," सुलक्षणा.

क्योतोचं नाव निघालं की विभव उठून बसतो.
सतरा घरमालकांनी फोनवर त्याचं नाव ऐकलं
आणि खोली कालच गेली म्हणाले,
इतक्या हळू, इतक्या अदबीने,
की यानेच त्यांची माफी मागितली.

"सतराच?" तन्वीर मुकादम विचारतो.
"मी इथे, मुलुंडात, मोजणं सोडलं होतं."

पंखा तेवढा बोलतो.
मग तोच सांगतो, त्याच क्योतोत
त्याच्या दाराशी एक म्हातारी
दर नोव्हेंबरात पिशवीभर काकी ठेवून जाते.
काकी म्हणजे ते टोमॅटोसारखं केशरी फळ.
हा शब्द शिकवला की दर वर्षी मागचा बाक खिदळतो :
मॅडम, काकी पिकली का?
आत्ताही हसले सगळे. विभव जरा उशिरा.

नागोया? छे, तिथे आहे काय! यावर मात्र एकमत.
हर्षदा कोयंडे काही बोलत नाही.
तिची मुलगी तिथे सातव्या महिन्यात जन्मली,
बत्तीस दिवस काचेत होती.
ती ताटातली कोय उचलते
आणि पांढरी होईतो चोखत राहते.

मी कधी गेले नाही.
दोन पासपोर्ट कोरेच संपले.
एकदा तिकीट काढलं होतं, त्या वर्षाचं नको.
एकवीस वर्षं मी धड्यातल्या गावात राहते :
एक स्टेशन, एक बँक, पोस्टापाशी उजवीकडे बाग.
तिथे कुणी खोली नाकारत नाही,
कुणाच्या दाराशी फळंही ठेवत नाही.
तानाकासान दर रविवारी मित्राबरोबर बागेत जातो.
काय बोलतात ते धड्यात नाही.

सहाची बॅच आली.
नवा मुलगा, वही अजून कोरी, दारातच विचारतो,
"मॅडम, यातलं कुठलं शहर चांगलं?"
पाचही जण माझ्याकडे बघतात,
जणू मीच काल विमानातून उतरले.

त्याच्या हातावर एक फोड ठेवते.
बस, म्हणते. आज 'सरळ जा' शिकू.
मास्सुगु.
पोस्ट आलं की बघू.